उडीवालं गाणं

मी बावखलात बुडी मारून बसले होते आणि काठावर एल्टन मोठमोठ्यानं 'नमो मारिया' म्हणत होता. बावखल म्हणजे आमच्या वाडीतलं तळं, केळींना पाणी द्यायला पणजोबांनी खणलेलं. पाण्याखालून एल्टनचा आवाज मडक्यात तोंड घालून बोलल्यासारखा येत होता. अर्ध्या प्रार्थनेपर्यंत मी मजेत होते. मग छातीत कुणीतरी उशी कोंबायला लागलं. 'आमच्या मरणाच्या वेळी' एवढं ऐकलं आणि मी फसकन वर आले.

"परत मरणाच्या वेळी," एल्टन म्हणाला. "तू रोज तिथंच मरतेस."

"तू मुद्दाम हळू म्हणतोस."

"मी फादरपेक्षा फास्ट म्हणतोय. आमेनपर्यंत राहायचं असतं, जेनी. आणि आमेननंतर पण थोडं."

हे मी सातवीत असतानाचं. आता मी दहावीत आहे आणि वर्गात मॅडमनी नुसतं 'कोण बोलणार?' म्हटलं की माझा हात आधी वर जातो, काय बोलायचं ते नंतर सुचतं. तेव्हा मी हात खाली ठेवणारी होते. पण मला एक गोष्ट हवी होती. नानांचा टेनर.

नाना म्हणजे माझे आजोबा, इनास तुस्कानो. वसईत आमच्याकडे लग्न असो, चर्चचा सण असो की मयत असो, बँड लागतोच, आणि आमच्या गावात बँड म्हणजे आमचाच, तुस्कानो ब्रास बँड. पप्पा पुढे ट्रम्पेट वाजवतात, बस्त्याव काका ड्रम वाजवतात, बाकी चुलते-मावसे मिळून जे काही वाजतं ते वाजवतात. आणि नाना टेनर सॅक्सोफोन वाजवायचे. ते गेल्यावर टेनर पलंगाखालच्या पेटीत होता. तिसरीत असताना मी पेटी उघडली. पप्पांनी बोटं कुठं ठेवायची ते दाखवलं, हसले, म्हणाले, "टेनर तुझ्या गळ्यात लोंबतोय की तू टेनरला?" पण नको म्हणाले नाहीत. घरात वाजव, म्हणाले. बँडचं बघू.

ते 'बघू' चार वर्षं चाललं. मग सण जवळ आला आणि पप्पा म्हणाले, मिरवणुकीत या वर्षी टेनर हवाच, त्याशिवाय बँड बोडका वाटतो. टेनर एक, लाल कोट एक. एल्टन की जेनी.

एल्टन बस्त्याव काकांचा मुलगा, माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा, फुटबॉलचा गोलकीपर. त्याची छाती आमच्या फ्रिजएवढी. बोटं माझी जास्त चांगली चालायची, हे तो स्वतःच सांगायचा. पण प्रश्न बोटांचा नव्हताच. प्रश्न उडीवाल्या गाण्याचा होता.

ते गाणं सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. नाना तरुणपणी वाडीतली फुलं घेऊन दादरला विकायला जायचे. एकदा परतताना रिकाम्या टोपलीत, तराजूशेजारी, एक रेकॉर्ड घालून घेऊन आले. कव्हरवर एक बाई. बिनबाह्यांचा फ्रॉक, केस उंच बांधलेले, गळ्यात टेनर, आणि फोटो काढणाऱ्याला आता चावणार आहे असा चेहरा. मिस ऑलिव्ह मास्करेन्हस. टेनर वाजवणारी पहिली बाई, असं नाना म्हणायचे. कुठली पहिली, कुणात पहिली, ते कुणी तपासलं नाही. नाना म्हणायचे म्हणजे पहिली.

त्या रेकॉर्डवर एक गाणं होतं, 'सोडावॉटर'. असं नाव का, ते कुणालाच माहीत नव्हतं. वसईत त्याला सगळे उडीवालं म्हणतात. गाण्याच्या मध्ये टेनरची एक लांब ओळ आहे. ती खालून चढत चढत जाते, आणि निम्म्यात असताना ड्रमवर 'टक' वाजतं आणि ताल एकदम पुढं सरकतो, जिना उतरताना पायरी आहे असं वाटावं आणि नसावी, तसा. त्या 'टक'ला मांडवातले सगळे नाचणारे उडी मारतात. नवरा-नवरीसुद्धा. म्हाताऱ्या बायका खुर्चीत बसल्या बसल्या खांदे उडवतात. नानांनी आणि त्यांच्या दोस्तांनी ते गाणं रेकॉर्डवरून ऐकून ऐकून उचललं होतं, टकसकट. बस्त्याव काकांचा टक तर प्रसिद्ध आहे. ड्रमच्या कडेवर काठी आडवी मारून ते असा टक काढायचे की लोक म्हणायचे, हुबेहूब रेकॉर्डसारखा.

पण टेनरवाल्याची कसोटी वेगळीच. सगळे उडी मारतात तेव्हा तो थांबत नाही. त्याची ओळ टकच्या आधीपासून टकच्या नंतरपर्यंत, अगदी वरच्या सुरापर्यंत, एका श्वासात जायची. एक अख्खा नमो मारिया. मिस ऑलिव्हनी तशी वाजवली, म्हणून नानांनी तशी वाजवली. वसईत दुसऱ्या कुणाला ती जमली नाही. नंतर ग्रामोफोन बिघडला, रेकॉर्ड फ्रेम करून येशूच्या तसबिरीशेजारी लागली, आणि मी नानांनी तिच्यावरून भरून ठेवलेल्या कॅसेटवर गाणं शिकले. बोटांना ते अगदी पाठ झालं. छातीला नाही.

"बाईमाणसाला श्वास कमी असतो," मी एकदा रडत म्हणाले होते.

"कव्हरवर कोण आहे? बाप्या आहे?" पप्पा म्हणाले.

आणि नियम नानांचाच होता. ज्या दिवशी तो श्वास पुरणार नाही त्या दिवशी टेनर खाली. मोनिका आत्याच्या लग्नात, मी बालवाडीत असताना, त्यांना पुरला नाही. टकला सगळा मांडव उडाला आणि नाना मध्येच श्वास घेऊन मागे राहिले. बँडमधून कुणीतरी म्हणालं, 'नाना, श्वास चोरलात.' सगळे हसले, नानाही हसले, असं मम्मी सांगते. घरी येऊन त्यांनी टेनर पुसला, पेटीत ठेवला, आणि परत कधी काढला नाही. बँड घरावरून गेला की ते ओट्यावर बसून बोटं मांडीवर हलवायचे.

तर मी रोज बावखलात बुडत होते.

आणि मग सणाला दोन आठवडे असताना सिस्टर पर्पेच्युआ घरी आल्या. त्या गावाबाहेरचा म्हाताऱ्या माणसांचा आश्रम चालवतात. चहा घेता घेता त्यांची नजर भिंतीवर गेली आणि त्यांनी बशी खाली ठेवली.

"विल्सन, ही बाई आमच्याकडे आहे."

"कोण बाई?" पप्पांनी विचारलं.

"ही. गेल्या महिन्यात भाचीनं आणून सोडलं. जेवण आवडलं नाही की अशीच बघते."

पप्पांनी सिस्टरांना तेच परत सांगायला लावलं, तेवढ्यात मम्मी स्वयंपाकघरातून बघायला आली. पप्पांना वाटत होतं मिस ऑलिव्ह कधीच वारल्या. मग ते हळूच म्हणाले, "सिस्टर, रविवारी दुपारी आम्ही येऊ? वाजवायला?" आणि माझ्याकडे न बघता, "दोघं वाजवतील. बाई सांगतील तो सणाला कोट घालेल. ज्यांचं गाणं, त्यांनीच सांगावं."

मला त्या आठवड्यात शाळेत काय शिकवलं, आठवत नाही. भूगोलाच्या तासाला मी नाकातून हळूहळू हवा सोडत बसायचे आणि शेजारची प्रिस्का म्हणायची, "तू पंक्चर आहेस का?" रात्री मम्मी दिवा घालवून गेली की मी छातीवर हात ठेवून मोजायचे, आणि रोज मरणाच्या वेळी संपायचे.

रविवारी निघताना पप्पांनी भिंतीवरची फ्रेम उतरवली. "सही घेऊ," म्हणाले. फ्रेमच्या जागी भिंतीवर पांढरा चौकोन राहिला. वाटलं, परत येऊ तेव्हा टेनर पण असाच गेलेला असेल.

आश्रमाच्या हॉलमध्ये खुर्च्या अर्धगोलात मांडल्या होत्या. म्हातारी माणसं चहाची वाट बघत होती. एक आजोबा बस्त्याव काकांना म्हणाले, "मयत कुणाची आहे?"

"कुणाची नाही, अंकल. मजेसाठी आलोय."

"मजा," ते शेजारच्यांना म्हणाले, जणू हा शब्द कुठं तरी ऐकल्यासारखा होता.

मिस ऑलिव्ह मध्ये बसल्या होत्या. लहानखुऱ्या. इतक्या लहान की मी त्यांना शोधत होते आणि त्या समोर होत्या. केस कापसासारखे, नेलपॉलिश मात्र लाल, आणि चेहरा तोच, आता चावणार असा. पप्पांनी टोपी काढून नमस्कार केला आणि इंग्रजीत काहीतरी सुरू केलं.

"मराठी बोल, बाबा," त्या म्हणाल्या. "गिरगावात वाढले मी. शिव्यासुद्धा येतात."

पप्पांचं सगळं पाठ केलेलं भाषण तिथंच संपलं. "आम्ही तुमचं गाणं वाजवतो," एवढंच म्हणाले. "माझ्या वडलांनी रेकॉर्डवरून उचललं. आज ही दोघं वाजवतील. आम्हाला एकच टेनर ठेवायचाय. तुम्ही सांगा, कोण."

"मी कशाला सांगू? मला काय कळतं आता. कान एक बंद, एक अर्धा."

"तुम्हीच सांगायचं," पप्पा म्हणाले. पप्पा कुणाला एवढं कळवळून काही म्हणाल्याचं मी पाहिलं नव्हतं.

बाईंनी खांदे उडवले आणि अर्ध्या कानाची बाजू आमच्याकडे केली.

पहिला एल्टन. त्यानं टेनर गळ्यात घातला तेव्हा तो खेळण्यासारखा दिसायला लागला. पप्पांनी हातानं ताल दिला आणि उडीवालं सुरू झालं. पहिला भाग बरा गेला, दोन ठिकाणी बोटं घसरली, पण घसरली तरी चालून गेली. मग लांब ओळ आली. एल्टननं गोल अडवायच्या आधी घेतो तसा श्वास घेतला. चढला, चढला, टक झालं, सवयीनं सिस्टर पर्पेच्युआंनीसुद्धा टाचा उचलल्या, आणि तो गेला वरपर्यंत, बिटासारखा लाल होऊन, गळ्याच्या शिरा दोरीसारख्या. वरचा सूर लागला. बस्त्याव काकांनी झांज अशी मारली की मयतवाले आजोबा जागे झाले.

मी मिस ऑलिव्हकडे बघत होते. गाणं सुरू झाल्यावर त्यांनी डोळे मिटले होते. टकला त्यांनी ते उघडले. आणि मग शेवटपर्यंत मिटले नाहीत.

"कुणाचं आहे हे?" त्यांनी विचारलं.

"तुमचंच, मॅडम," पप्पा म्हणाले. "सोडावॉटर."

"हं." त्या एल्टनला म्हणाल्या, "बाळ, बस. पाणी पी. मरशील." मग माझ्याकडे बोट. "आता ही."

एल्टननं टेनर माझ्या गळ्यात घालताना पट्टा दोन घरं आवळला आणि कानात म्हणाला, "आमेन लक्षात ठेव." चिडवत नव्हता. त्यामुळे जास्तच भीती वाटली.

सॅक्सोफोनची रीड म्हणजे तोंडात धरायची ती वेताची पट्टी ओली असावी लागते, नाहीतर ती किंचाळते. मी ती जिभेवर धरून किती वेळ बसले होते, पण तोंडात थुंकीच नव्हती. कोरडं, पेपर चावल्यासारखं. मी सिस्टरांच्या हातातल्या पेल्यातला घोट घेतला. पेला कुणा आजींच्या औषधाचा होता. आता ते आठवून हसू येतं, तेव्हा काहीही हसण्यासारखं नव्हतं. पप्पांनी माझ्याकडे बघून भुवई उचलली. मी मान हलवली. हो म्हणायला की नाही म्हणायला, मलाच कळलं नाही.

ताल सुरू झाला.

पहिला भाग माझा होता. खरं सांगते, तो भाग मी चांगला वाजवला. बोटं आपोआप जात होती आणि मी त्यांच्या मागून चालले होते. मिस ऑलिव्हनी डोळे मिटले. मला वाटलं, होईल. मग लांब ओळ दिसायला लागली, रस्त्यात लांबून चढ दिसतो तशी. मी श्वास घेतला, पोटापासून, पाठीपासून, बावखलाच्या तळापासून, आणि चढायला लागले.

एल्टन मागे कुठंतरी ओठांत नमो मारिया म्हणत असणार, मला माहीत होतं. निम्म्यावर आले. छातीत उशी आली. टक जवळ आलं आणि मला स्पष्ट कळलं की नाही पुरत. पुरणारच नाही. माझी ओळ तिथं एका सुरावर टेकल्यासारखी होते, आणि मी टेकले. टक झालं. सगळा बँड उडी मारून पुढं गेला.

आणि मी श्वास घेतला.

साधा नाही. हुंऽऽक् असा, पाण्यातून वर आल्यासारखा, सगळ्या हॉलला ऐकू जाईल असा. बँड पुढं गेला, मी मागे. मी पुढची ओळ सुरू केली तर ती पप्पांच्या ट्रम्पेटवर आदळली. पप्पा थांबले. मग बासचा मोठा भोंगा वाजवणारे मामा थांबले. मग सगळे एकेक करून बंद पडले, आणि शेवटी बस्त्याव काकांचा हात एकटाच चालला होता, तोही थांबला.

खुर्च्यांमधून एक आजी म्हणाल्या, "संपलं वाटतं." आणि टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या मी आयुष्यात विसरणार नाही.

मी पट्टा गळ्यातून काढायला लागले. तो कानातल्यात अडकला.

"का काढतेस?" मिस ऑलिव्ह म्हणाल्या.

"मी श्वास घेतला."

"मग? श्वास नाही घेणार तर काय करशील?" त्या पुढं वाकल्या. "ए पोरी, इकडे बघ. का थांबलीस? पुढचं वाजव. तू बरोबर होतीस. हे बाकीचे कुठं पळाले?"

मला वाटलं, त्यांना नीट ऐकू आलं नसेल. पप्पांनाही तेच वाटलं असावं, कारण ते मोठ्यानं, बहिऱ्याशी बोलावं तसं म्हणाले, "मॅडम, तिथं श्वास घ्यायचा नसतो. एका श्वासात आहे ते. रेकॉर्डवर तसंच आहे."

"रेकॉर्डवर कोण आहे?" मिस ऑलिव्हनी विचारलं.

"तुम्ही."

"मग मला सांगतोस?" त्यांनी टीपॉयवर तळहात आपटला. "तिथं सगळे थांबतात. सगळे. ड्रम, पियानो, सगळे चूप. आणि मग मी श्वास घेते. माइकमध्ये. मुद्दाम. रेकॉर्डिंगवाला म्हणाला, मॅडम, श्वास ऐकू येतोय, पुसून टाकू? मी म्हटलं, पुसलास तर हात तोडीन. अरे, गाण्याचं नाव काय आहे?"

"सोडावॉटर," एल्टन म्हणाला.

"गोटीची बाटली पाहिलीस कधी? गोटी दाबली की आधी काय होतं?"

बस्त्याव काकांनी तोंडानंच आवाज काढला. फुस्स्.

"हां. ते फुस्स् आहे ते. त्याच्याशिवाय त्या गाण्यात आहे काय? आणि हे टक काय आहे? माझ्या ड्रमरनं टक वाजवलं असतं तर मी त्याला खिडकीतून फेकला असता."

बस्त्याव काकांनी काठ्या मांडीवर ठेवल्या. तीस वर्षांचा टक. त्यांचा चेहरा बघून मला माझं दुःख दोन मिनिटं विसरायला झालं.

पप्पा फ्रेमकडे गेले. मागचे खिळे नखांनीच वाकवले, एक नख उचकटलं तरी थांबले नाहीत. रेकॉर्ड बाहेर काढली आणि खिडकीपाशी नेऊन उजेडात तिरपी धरली. मी शेजारी जाऊन उभी राहिले. काळ्या गोल गोल रेघांवरून एक बारीक, पांढुरकी, तिरकी रेघ गेली होती. नखानं चाचपली तर एका जागी खोल लागत होती.

"तराजू," पप्पा म्हणाले. "टोपलीत तराजू होता." मग माझ्याकडे वळून, "सुई इथं यायची आणि उडायची. टक. आणि पुढच्या रेघेत."

"म्हणजे उडी…" एल्टन म्हणाला.

"उडी सुईची," पप्पा म्हणाले.

पप्पांनी रेकॉर्ड मिस ऑलिव्हच्या मांडीवर ठेवली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि लाल नख त्या रेघेवरून फिरवलं, हळू, एखाद्याच्या जखमेवरून फिरवावं तसं. "इथं माझा श्वास होता," म्हणाल्या. मग अचानक हसायला लागल्या, खोकला येईपर्यंत. "आणि तुम्ही इतकी वर्षं बिनश्वासाचं वाजवलंत? कोण होता तो वेडा? असं कोण वाजवू शकतं?"

"माझे वडील," पप्पा म्हणाले.

"एका श्वासात?"

"हो."

त्या हसायच्या थांबल्या. "मला कधीच जमलं नसतं," म्हणाल्या. "आहे का तो?"

पप्पांनी नाही म्हणून मान हलवली.

त्यानंतर आम्ही ते परत वाजवलं, सगळे थांबून. मिस ऑलिव्हनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि माझ्याकडे बोट केलं, आणि मी त्या गप्पपणात हुंऽऽक् केलं, आणि मग वरची ओळ अशी निघाली की मलाच टेनर गळ्यात असल्याचं आठवेना. कोण, ते पप्पांनी विचारलं नाही आणि बाईंनी सांगितलं नाही. एल्टननं परत जाताना टेनरची पेटी उचलली, दारापर्यंत नेली आणि माझ्या हातात दिली. "जड आहे," म्हणाला. "तुझी तू ने."

रेकॉर्डवर सही घ्यायची पप्पा विसरले. बाईंनीच हाक मारून परत बोलावलं आणि रेकॉर्डच्या मधल्या कागदावर पेन टेकलं. नाव नाही लिहिलं. वर्तुळात एक छोटा स्वल्पविराम काढला, 'इथं श्वास घ्या' म्हणून शाळेत बाई धड्यात काढतात तसा.

घरी येताना बस्त्याव काका आणि एल्टन पुढं गेले. मी आणि पप्पा मागून. कब्रस्तानाच्या फाटकापाशी पप्पा थांबले. मला वाटलं, आत जातील. नाही गेले. फ्रेम काखेत होती, आतल्या खिळ्यांचा आवाज होत होता.

"मोनिकाच्या लग्नात," ते म्हणाले, "नाना मध्ये श्वास घेऊन मागे राहिले ना."

"हो. कुणीतरी म्हणालं, श्वास चोरलात."

"मी म्हणालो होतो."

आत नानांचा क्रॉस फाटकातून दिसत होता, त्यावर कुणीतरी सुकलेली झेंडूची माळ ठेवली होती.

"ते बरोबर वाजवत होते, जेनी," पप्पा म्हणाले. "त्या दिवशी पहिल्यांदाच बरोबर वाजवत होते." आणि टोपी घालून चालायला लागले, इतक्या भराभर की पेटी घेऊन मला पळावं लागलं.

सणाच्या आदल्या संध्याकाळी ओट्यावर बँड बसला. मम्मीनं नानांच्या लाल कोटाच्या बाह्या मनगटाशी दुमडून टाके घातले होते, आणि तरी मी त्यात पोत्यात घातल्यासारखी दिसत होते.

"उडी काढायची?" बासवाल्या मामांनी विचारलं. "लोक मारतील आपल्याला."

"आणि माझा टक?" बस्त्याव काका म्हणाले. गेला आठवडाभर ते कुणाशी नीट बोलले नव्हते.

पप्पांनी बराच वेळ ट्रम्पेटची कळ दाबून सोडली, दाबून सोडली. "टक ठेव," म्हणाले. "टक आपला आहे. पण टकनंतर सगळे चूप. मी हात खाली घेईपर्यंत कुणी श्वाससुद्धा घ्यायचा नाही. ही सोडून."

मिरवणूक चर्चच्या मैदानात आली तेव्हा ऊन उतरलं होतं. आश्रमाच्या खुर्च्या आंब्याखाली मांडल्या होत्या आणि मधल्या खुर्चीवर लाल नखं दिसत होती. माझ्या तोंडात परत थुंकी नव्हती. कोटाचा दुमडलेला भाग सुटून हातावर येत होता, आणि समोर सगळा गाव फेर धरून नाचत होता, कारण उडीवालं सुरू झालं होतं आणि त्यांना माहीत होतं काय येणार आहे. निदान त्यांना तसं वाटत होतं.

लांब ओळ आली. मी चढले. निम्म्यावर टेकले.

टक.

सगळा गाव उडाला. पोरं, पोरी, मावश्या, फादर, आइसक्रीमवाला. पप्पांचा हात वर होता. काहीच वाजत नव्हतं. सगळे हवेत होते आणि खाली ताल नव्हता, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मी 'आता कुठं उतरायचं?' हे उमटताना पाहिलं.

मी श्वास घेतला. सगळ्यांना ऐकू जाईल असा.